दाराशी लागलेली शिडी

रंगाऱ्याला जवळजवळ रोज दुपारी एक नवं घर मिळायचं आणि दिवेलागणीला ते परत द्यावं लागायचं.

त्याचं कामच तसं होतं. जुना भाडेकरू सामान घेऊन बाहेर पडला आहे आणि नवा अजून आत आलेला नाही, एवढ्याशा फटीत त्याला बोलावणं यायचं. भिंती खरवडायच्या, पोपडे काढायचे, खिळ्यांची भोकं लांबीचा लगदा भरून बुजवायची, पॉलिशपेपर मारायचा आणि रंगाचा पहिला हात द्यायचा. दुपारपर्यंत एवढं उरकायचं. पण पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा मारता येत नाही, आणि मागे लागलं म्हणून भिंत काही लवकर वाळत नाही. मधला वेळ रंगाऱ्याचा. तो खिडक्या सताड उघडायचा, फरशीवर गोणपाट अंथरायचा, सदऱ्याची उशी करायचा आणि आडवा व्हायचा.

रिकाम्या खोलीत उताणं पडल्यावर जे दिसतं ते सामान असताना कोणाला दिसत नाही. छत वर वर जातं. खोकलं तरी कोपऱ्यातून कोणीतरी उत्तर दिल्यासारखं वाटतं. उन्हाचा चौकोन फरशीवरून इतक्या सावकाश सरकतो की तो सरकतोय हे कळायला डोळे मिटून परत उघडावे लागतात. ओल्या रंगाचा गार वास, बाहेर कुठेतरी सायकलची घंटा, आणि अर्धवट मिटलेल्या डोळ्यांसमोर हळूहळू सामान येऊ लागायचं. पलंग आधी. मग बायकोचं शिवणयंत्र, ते नेहमी खिडकीपाशी, कारण सुईत दोरा ओवायला तिला उजेड लागतो. मग कपाट, पाण्याचा पिंप, दाराशी चपला. कधी कधी तो पलंगाशेजारी एक छोटा पलंगही मांडायचा, पण ते बायकोला सांगायचा नाही. तासाभरात संसार थाटून व्हायचा. मग तो उठायचा, दुसरा हात मारायचा, आणि जे घर आपलं झालं होतं त्याला मालकाचं कुलूप लागलेलं बघून पायी घरी यायचा.

"आज कुठे राहायला होतो आपण?" ताट वाढता वाढता बायको विचारायची.

"टाकीमागच्या गल्लीत. दोन खोल्या. मागे सज्जा आहे, तुला कपडे वाळत घालायला."

"आणि संडास?"

"संडास खाली. सामाईक."

"मग नको. उद्या दुसरीकडे बघा," असं म्हणून ती भाजी वाढायची. ही बाई स्वप्नातल्या घरातसुद्धा संडास कुठे आहे ते विचारून घ्यायची. दिवसभर ती लोकांच्या विजारी आखूड करायची, बाह्या उसवून परत लावायची, आणि जगात जे आहे ते मापात बसवणं हेच शहाणपण असं तिचं स्पष्ट मत होतं. पण विचारायची मात्र रोज.

गाव लहान होतं आणि एका बाजूनं अचानक फुगलं होतं. बाहेरच्या रस्त्याला मोठं इस्पितळ झालं, त्याच्या मागोमाग भाजीपाल्याचं शीतगृह आलं, त्याच्या मागोमाग माणसं आली. नर्सा, हिशेबनीस, ड्रायव्हर, तपासणीस, त्यांच्या बायका, पोरं, सासवा. सगळे आले आणि घरं होती तेवढीच राहिली. नवीन बांधायला कोणाला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती. जुन्याच खोल्यांना जर लोक रांगा लावत असतील तर विटा कशाला आणा?

तेव्हा घरमालक नावाच्या माणसाला जे तेज चढलं ते बघण्यासारखं होतं. कालपर्यंत जो रस्त्यानं जाताना कोणाच्या नजरेत भरत नव्हता तो आज पानाच्या दुकानापाशी उभा राहिला की चार जण नमस्कार करायचे. आणि अटी तरी किती. एकाला लग्न झालेलेच हवेत पण मुलं नकोत. दुसऱ्याला मुलं चालतील पण रडणारी नकोत. एकाला फक्त अशी माणसं हवी होती की जी दिवसभर कामावर असतात आणि रात्रीही. एकानं तर दोन चांगल्या खोल्यांना कुलूप घालून ठेवलं होतं, कारण भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. त्या खोल्यांत धूळ राहायची, आणि रस्त्यापलीकडे एक कुटुंब दुकानाच्या पोटमाळ्यावर वाकून वाकून राहायचं. अशा माणसाचा राग आला तर मला कोणी नावं ठेवू नयेत.

या गावात खोली भाड्यानं देणे आहे अशी पाटी कोणी लावत नव्हतं. पाटीचं काम रंगाऱ्याची शिडी करायची. बांबूची ती लांबलचक शिडी गावातल्या कुठल्याच जिन्यातून वर जात नसे. म्हणून आतलं काम तो स्टुलावर उभं राहून करायचा आणि शिडी रस्त्यावर दाराशी टेकवून ठेवायचा, खिडकीची बाहेरची चौकट रंगवण्यापुरती. शिडी दिसली की खोली रिकामी. एवढं लोकांना पुरे होतं. शिडी खांद्यावर घेऊन तो निघाला की दोन-तीन माणसं काही काम नसल्यासारखी त्याच्या मागून चालू लागायची.

मालक लोकांनाही हे कळलं होतं. काम संपवून तो शिडी उचलायला गेला की मालक हळूच म्हणायचा, "असू दे अजून दोन दिवस. काय घाई आहे?" शिडी जितके दिवस दाराशी, तितकी माणसं जास्त, आणि माणसं जितकी जास्त तितकं मालकाचं तोंड मोठं. रंगारी शिडी ठेवायचा आणि दुसऱ्या कामावर नुसतं स्टूल घेऊन जायचा. त्याला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. शिडी ही बांबूची वस्तू, ती कुठेही उभी राहिली तर कोणाचं काय जातं?

आणखी एक नियम तो पाळायचा. भिंतीखाली काय आहे ते तो कोणाला सांगायचा नाही. कुठे ओल धरते, कुठली भेग दर वर्षी बोटभर वाढते, कुठल्या छताच्या आत वाळवी आहे, हे सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं होतं. खोली बघायला आलेली माणसं विचारायची, "घर कसं आहे हो?" तो म्हणायचा, "रंग चांगला बसलाय." मालकांचा त्याच्यावर विश्वास होता तो यामुळेच.

तो स्वतः राहायचा काकूंच्या माडीवर. काकू म्हणजे घरमालकीण. नवरा जाऊन फार वर्षं झालेली, मुलगा परदेशी, गुडघे कामातून गेलेले. जिना चढणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. खालच्या दाराशी खुर्ची टाकून त्या रस्ता बघत बसायच्या, आणि त्या रस्त्यावरून त्यांच्यासाठी म्हणून दूधवाल्याखेरीज कोणी यायचं नाही. रंगाऱ्याचं लग्न झालं त्या वर्षी ही दोघं माडीवर राहायला आली ती आलीच. भाडं काय ते नावाला. संध्याकाळी बायको खाली जाऊन काकूंच्या गुडघ्यांना तेल चोळून द्यायची आणि काकू तिला गावातल्या सगळ्यांच्या भानगडी सांगायच्या. हे भाड्यात धरलेलं होतं की मायेत, याचा विचार कोणी केला नव्हता.

आणि माडीच्या भिंती? त्या लग्नाच्या वर्षीच्या होत्या. मूळचा रंग कुठला हे आता सांगणं अवघड होतं. "सगळ्या गावाला रंग फासून येता, माझ्या भिंतीला कधी?" असं बायको दर वर्षी विचारायची. त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "हे एक काम हातावेगळं झालं की लगेच." पुढे पुढे तिनं विचारायचंच सोडून दिलं, आणि ते त्याला विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

म्हणून बायको चार दिवस बहिणीकडे गेली तेव्हा त्यानं ठरवलं. सामान गच्चीवर हलवलं, भिंती खरवडल्या, लांबी भरली. लोण्याचा असतो तसा फिका पिवळा तिला हवा होता, तो त्यानं तीनदा कालवून मनासारखा जमवला. शिडी नेहमीप्रमाणे खाली रस्त्यावर, दाराशी टेकवली. पहिला हात झाला आणि नेहमीप्रमाणे तो गोणपाटावर आडवा झाला.

आपल्याच रिकाम्या घरात तो पहिल्यांदाच झोपत होता. छत वर गेलं. खिडकीतून ऊन आलं आणि ओल्या पिवळ्या भिंतीवर असं बसलं की खोली आतून पेटवल्यासारखी झाली, पण गार. सामान येऊ लागलं. पलंग आला तो दाराजवळच्या भिंतीला लागला. शिवणयंत्र खिडकीपाशी गेलं. कपाट, पिंप, चपला. सगळं मांडून झालं आणि त्याच्या लक्षात आलं की हे तर जिथल्या तिथे आहे. एवढी घरं मनात लावून पाहिली, त्या सगळ्यांत आपण हीच खोली मांडत होतो. त्याला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मग त्याला झोप लागली.

जाग आली ती कुजबुजीनं. खाली बरीच माणसं एकदम हळू बोलत असली की मधमाश्यांसारखा आवाज येतो तसा. तो खिडकीशी गेला. शिडीच्या पायथ्याशी अख्खा रस्ता भरला होता. शीतगृहाचे दोघे, पोटमाळ्यावरचं कुटुंब पोरांसकट, पोस्टातला कारकून, इस्पितळातल्या तीन नर्सा. आणि मधोमध खुर्चीत काकू. कोणी त्यांच्यासाठी फळं आणली होती. कोणी गुडघ्यांची चौकशी करत होतं. एक जण तर उकिडवा बसून त्यांच्याशी बोलत होता, कारण उभ्यानं बोलणं उद्धट दिसलं असतं.

तो धावत खाली आला. "अहो, खोली रिकामी नाही. माझी आहे. मी राहतो इथे."

लोक हसले. "आम्हाला बनवतोस काय?" शीतगृहाचा एक जण म्हणाला. "दुसऱ्या कोणाला शब्द दिलायस वाटतं?"

"शप्पथ सांगतो. बायकोसाठी रंगवतोय. काकू, तुम्ही तरी सांगा यांना."

"त्याचीच आहे हो," काकू म्हणाल्या. त्यांनी ते म्हटलं खरं, पण फळांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. लोक थोडे मागे सरले, पण गेले नाहीत. कोणी म्हणालं, आम्ही वर्षभराचं भाडं आगाऊ देऊ. कोणी म्हणालं, आम्ही जिनाही नवा करून घेऊ. काकू एकेकाकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर रंगाऱ्याला लोभ दिसला असता तर त्याला सोपं गेलं असतं. त्याला दिसलं ते वेगळंच. फार दिवसांनी कोणीतरी हाक मारल्यावर माणूस जसा उजळतो तशा त्या उजळल्या होत्या.

तो शिडी काढायला वळला.

"राहू दे रे अजून थोडी," काकू हळूच म्हणाल्या.

हे वाक्य त्यानं गावातल्या प्रत्येक मालकाच्या तोंडून ऐकलं होतं. त्याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो वर गेला आणि दुसरा हात मारू लागला, कारण सुकलेल्या भिंतीला दुसरा हात लागतोच.

बायको आली तेव्हा सामान जागेवर लागलं होतं. ती दारात थांबली. मग आत आली आणि भिंतीला बोटांची मागची बाजू लावून बघितली, ताप बघतात तशी. "लोण्यासारखा जमलाय," एवढंच म्हणाली, आणि पाणी प्यायला वळली. दिवसभर त्याला सांगायचं धाडस झालं नाही. संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन खाली गेली आणि वाटी तशीच भरलेली घेऊन वर आली.

"महिनाअखेरीपर्यंत बघा म्हणाल्या कुठेतरी." ती पलंगावर बसली. "घाई नाही म्हणाल्या. एक नर्स आहे, नवराबायको दोघंच आहेत, माणसं चांगली वाटतात. रात्रीबेरात्री दुखणं उठलं तर घरात नर्स असलेली बरी, असं म्हणाल्या."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? इतकी वर्षं मी चोळले ते गुडघे काय शेजारणीचे होते?" मग ती भिंतीकडे बघून म्हणाली, "रंग मागत होते तेव्हा घर होतं. रंग आला, घर गेलं. काय पण माझं नशीब."

रंगाऱ्यानं काकूंशी बोलून पाहिलं. काकूंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मुलाचा आता फोनही महिन्यातून एकदा येतो हे सांगून डोळे टिपले. "मला काय कमी आहे रे?" त्या म्हणाल्या. "पण उद्या पडले तर कोण उचलणार मला? तुम्ही दोघं चांगली आहात. पण ती शिकलेली आहे त्यातलं." त्यांच्यावर धड चिडताही येईना. त्या घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात घर असलं की दुसरं माणूस बेघर होतं, एवढं साधं होतं ते.

मग त्यानं गावातले उंबरे झिजवायला सुरुवात केली. त्याला वाटत होतं की आपल्याला कोण नाही म्हणेल? सगळ्या मालकांशी घरोबा, सगळ्या खोल्या हाताखालच्या. पण एका मालकानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "अरे, तुला कशी देऊ? ती ओल तूच लपवलीस. उद्या राहायला आलास की रोज तिच्याकडे बोट दाखवशील." दुसरा म्हणाला, "तू माणूस चांगला, पण तू राहिलास की निघणार नाहीस. काकूंकडे बघ किती वर्षं काढलीस." तिसऱ्यानं कानांवर हात ठेवले, आणि चौथ्यानं जिन्याखालची जागा दाखवली, तिथे पाण्याचा पंप होता. ज्यांच्या भिंतींची अब्रू त्यानं जन्मभर झाकली त्यांना आता तोच नकोसा झाला होता. भिंत ज्याला आतून माहीत आहे असा भाडेकरू कोणाला हवा?

राहता राहिलं बायकोच्या बहिणीचं घर. बसनं अर्धा दिवस लागायचा. मागे पत्र्याची खोली होती, ती देईन असं बहीण म्हणाली होती. पण तिथली सगळी वस्ती बिनगिलाव्याच्या विटांची. रंग लावावा अशी एक भिंत तिथे नव्हती. तिकडे जायचं म्हणजे हातातलं काम सोडून जायचं, आणि या वयात रंगारी दुसरं काय होणार?

दुपारी कामावर तो आडवा व्हायचा, पण आता सामान येईना. डोळे मिटले की नुसती खोली. चार कोपरे, एक बल्ब, ओल्या रंगाचा वास. पलंग म्हणावं तर पलंग यायचा नाही. ऊन फरशीवरून सरकायचं आणि तो ते सरकताना स्पष्ट बघायचा. घरी बायकोनं एकदा विचारलं, आज कुठे राहायला होतो, आणि तो म्हणाला, "कुठेच नाही." तिनं पुन्हा विचारलं नाही.

विचारायचं सोडून ती विचार करायला लागली. "रविवारी ती दोघं खोली बघायला येणार आहेत," ती म्हणाली. "तुम्ही घरी थांबा. आणि सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"जे आहे ते. ही वरची भिंत ओल धरते, छत गळतं, सकाळी पाणी वर चढत नाही. ती गेली की काकूंचं मन फिरेल. त्या नर्सेवरच अडून बसल्यात, दुसऱ्या कोणाला नाही देणार. मग काकूंचं मी बघते."

"मी असं कधी कोणाच्या घराचं..."

"हे कोणाचं नाही. आपलं आहे," ती म्हणाली, आणि दाताखाली दोरा तोडला.

त्याला ते पटलं. इतक्या मालकांसाठी गप्प बसलो, एकदा स्वतःसाठी बोलायला काय हरकत आहे? खोटं तर बोलायचंच नव्हतं. शनिवारभर तो मनातल्या मनात खोलीचे दोष मोजत फिरला. पाठ करताना त्याला अपराधी वाटत होतं, आजारी माणसाच्या पाठीमागे बोलल्यासारखं.

रविवारी सकाळी ती दोघं आली. मुलगी इस्पितळात नर्स, नवरा बेकरीत भट्टीवर. त्याच्या भुवयांना पीठ लागलेलं होतं. लग्नाला वर्ष झालेलं, आणि एका छपराखाली एकही दिवस राहिलेले नव्हते. ती नर्सांच्या वसतिगृहात, तो बेकरीतच पोत्यांवर. भेटायचं ते बसथांब्याच्या बाकावर, आणि बस आली की कंडक्टरला वाटायचं यांना जायचंय, म्हणून तो बस थांबवून धरायचा. हे तिनंच हसत हसत सांगितलं. त्या दिवसाच्या गर्दीत ही दोघं नव्हती, काकूंना ती मागाहून भेटली होती, त्यामुळे ही माडी रंगाऱ्याची आहे हे त्यांना माहीत नव्हतं. खाली काकूंनी एवढंच सांगितलं होतं की रंगारी वर आहे, तो दाखवेल. सामानाकडे बघून त्यांना वाटलं असावं की जुने भाडेकरू अजून गेलेले नाहीत, आणि शिवणयंत्रावरची ही बाई त्यांच्यातली.

रंगाऱ्यानं घसा साफ केला. "ही भिंत बघा. वरून चांगली दिसते. पावसात इथून इथपर्यंत ओल येते. मी स्वतः झाकलीय."

"आमच्या वसतिगृहात चारही भिंतींना येते," मुलगी म्हणाली. "इथे एकीलाच?"

"छत गळतं. त्या तुळईखाली."

"बादली ठेवू," नवरा म्हणाला. त्यानं ते इतक्या आनंदानं म्हटलं, जणू घरात आपली स्वतःची बादली ठेवायची म्हणजे केवढी गोष्ट.

"सकाळी पाणी वर येत नाही. खालून भरून आणावं लागतं."

"मी आणीन," नवरा म्हणाला. "पोती उचलतोच की मी."

"कबुतरं आहेत गच्चीत. पहाटेपासून नुसतं घुमतात."

"घुमू देत," मुलगी म्हणाली.

त्यानं खिडकीचा सैल कडी-कोयंडा दाखवला. जिन्याची तुटकी पायरी सांगितली. उन्हाळ्यात माडी किती तापते ते सांगितलं. जन्मभर जे कोणाला सांगितलं नाही ते तो सांगत होता आणि त्या दोघांचे चेहरे प्रत्येक दोषागणिक जास्त जास्त खुलत होते. गळणारं छत, ओली भिंत, तुटकी पायरी, हे सगळं घराला असतं. बाकाला नसतं. त्याचं बोलणं हळूहळू संपत गेलं. खोलीतून ऊन सरकत होतं, पिवळ्या भिंती उजळल्या होत्या, आणि मुलगी खोलीच्या मधोमध उभी राहून डोळे बारीक करून बघत होती. तिला समोरचं सामान दिसतच नव्हतं. ती काय करतेय हे त्या गावात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. रंगाऱ्याला लगेच कळलं. तो खाली बघू लागला.

"पलंग इथे लावू," ती नवऱ्याला म्हणाली, आणि हातानं खिडकीखालची जागा दाखवली. "म्हणजे वारा येईल."

नवरा मान हलवत होता. शिवणयंत्रापाशी उभी असलेली रंगाऱ्याची बायको हातातली विजार घडी करत होती, उलगडत होती, परत घडी करत होती.

"तिथे नको," ती म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"तिथे सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं. तू रात्रपाळी करून येणार, झोप लागायची नाही तुला. या भिंतीला लाव. दाराजवळच्या." तिनं पुढे होऊन त्या भिंतीवर तळवा ठेवला. "इथे संध्याकाळपर्यंत सावली असते."

रंगारी तिच्याकडे बघत राहिला. ती मात्र त्याच्याकडे बघत नव्हती.

"तुम्ही राहता इथे?" मुलीनं हळूच विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

"राहत होतो," बायको म्हणाली.

खालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ठरलं का गं काही?" काकूंनी विचारलं.

बायकोनं मनगटानं डोळे पुसले आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकली.

"ठरलं, काकू," ती म्हणाली. "थांबा, उठू नका. चहा मी येऊन टाकते."